सांगलीचा फेरा: प्रोजेक्टचा डेटा मूळ प्लांटमध्ये नेताना

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर चार दिवस राहून आलो. इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरमध्ये नव्या बॉयलरच्या प्रोजेक्ट कॉन्फिगरेशनमधला (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या नोंदींमधला) डेटा मूळ प्लांटच्या कॉन्फिगरेशनमध्ये (चालू कारखान्याच्या नोंदींमध्ये) मर्ज करायचा, म्हणजे मिसळायचा होता. पुण्याहून जाणाऱ्यांनी गळीत हंगामाआधीच जावं. ऊसतोड सुरू झाली की पेठ नाक्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागतं. रेल्वेने मिरजेला उतरलात तर तिथून सांगली दहाएक किलोमीटर.

पहिल्या दिवशी टॅग (यंत्रसामानाचे ओळखक्रमांक) हाताने निवडून मर्ज केले आणि यादी घेऊन बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपापाशी गेलो. फोरमनमामांनी नेमप्लेटवरची बगॅसची धूळ अंगठ्याने पुसली, टॅग जुळवला आणि म्हणाले, "साहेब, पंप आलाय, पण ह्याची मोटर कुठं हाय?" मोटर, नोझल, पाइपलाइन, डेटाशीट, सगळं प्रोजेक्टमध्येच राहिलं होतं. पंप हलवायचा तर त्याच्या गणगोतासकट. ते गणगोत सॉफ्टवेअरमधल्या ग्राफ डेफिनिशनमध्ये, म्हणजे वस्तूंच्या जोडण्यांवरून काय सोबत न्यायचं याच्या नियमांत, ठरतं: सुरुवात कुठून, कोणत्या नात्याने पुढे, थांबायचं कुठे.

दुसऱ्या दिवशी हे थांबणंच चुकलं. ग्राफ पंपापासून युनिटपर्यंत (पंप ज्या विभागात येतो तिथपर्यंत) गेला आणि तिथून उलटा फिरून युनिटखालचा प्रत्येक टॅग ओढून घेऊन आला. चाळीसेक वस्तू अपेक्षित, यादी हजाराच्या वर! मर्जआधी यादी उघडून पाहिली म्हणून निभावलं. युनिट, एरिया, उत्पादक, पाइप स्पेक (पाइपांचे ठरलेले निकष) या सामाईक गोष्टींशी जोड जरूर ठेवा, पण त्यांच्यातून पुढे वाट देऊ नका.

निघण्याआधी आणखी एक विचारून घ्या: दुसरा प्रोजेक्ट कशावर काम करतोय? आमच्या स्टीम हेडरवर (वाफ वाटून देणाऱ्या मुख्य पाइपवर) दुसरीकडे बदल चालू होते, अर्धा दिवस त्यातच गेला.

सर्वांत जपायचं ते काढून टाकलेल्या सामानाला. ग्राफ नव्या पंपापासून निघतो. उखडलेल्या जुन्या पंपाशी त्याचं नातंच नसतं. त्यामुळे मूळ प्लांटमध्ये जुना पंप तसाच जिवंत दिसत राहतो. उद्या शटडाउनला कुणी त्या ड्रॉइंगवर भरवसा ठेवून व्हॉल्व्ह बंद करायला गेला तर जिवावर बेतू शकतं. आम्ही तिसऱ्या दिवशी मामांबरोबर अख्खं बॉयलर हाउस फिरून काढलेल्या सामानाची वेगळी यादी केली. हा एक दिवस तुमच्या वेळापत्रकात आधीच धरा, आणि फिरताना जुनी माणसं सोबत घ्या. कुठला पाया कुणाचा होता, ते त्यांनाच ठाऊक असतं.