सोपोच्या पावत्या

"सून गेल्यावर बाजारात तिच्या जागेवर आता तुम्हीच बसता ना?" विमा कंपनीच्या वकिलांनी म्हातारीला विचारले.

"हय," ती म्हणाली.

"म्हणजे धंदा चालू आहे. घरचे उत्पन्न बुडालेले नाही."

म्हापशाच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी मृतांच्या आणि जखमींच्या कुटुंबांचे दावे चालवते. हा युक्तिवाद मला नवा नव्हता, तरी त्या दिवशी ऐकताना हात थरथरला. नातवंडांना जेवायला घालायचे म्हणून सत्तरीची बाई टोपली घेऊन बाजारात बसते आणि तेच तिच्या दाव्याविरुद्ध वापरायचे. माझे हे व्यवसायबंधू हुशार आहेत, पण हा प्रश्न विचारायला नको होता.

सून 38 वर्षांची होती. शुक्रवारी पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन राष्ट्रीय महामार्ग 66 च्या कडेला म्हापशाची बस धरायला उभी असताना पर्यटकांच्या गाडीने उडवले. गाडीला नंबरची पांढरी, म्हणजे खाजगी गाडीची, पाटी होती. गोव्यात भाड्याने स्वतः चालवायला घ्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. खाजगी गाडी पांढऱ्या पाटीसह चोरून भाड्याने देणे हा इथला उघड धंदा आहे, आणि सगळ्यांना तो माहीत आहे. अपघात झाला की विमा कंपनी लगेच विम्याच्या अटींचा भंग दाखवते. अशा वेळी न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते, म्हणून या मुद्द्याची मला फार चिंता नव्हती.

चिंता उत्पन्नाची होती. बाहेरच्यांना वाटते, दाव्यात सगळे भांडण चूक कोणाची यावर होते. माझा बहुतेक वेळ जातो तो मेलेले माणूस महिन्याला किती कमवत होते हे सिद्ध करण्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा आणि 2017 साली प्रणय सेठी या निकालांत हिशेबाची रीत ठरवून दिली आहे. स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या व्यक्तीच्या उत्पन्नात 40 टक्के भविष्यातल्या वाढीचे धरायचे. अवलंबून असलेली माणसे चार असली तर तिच्या स्वतःच्या खर्चापोटी उत्पन्नाचा चौथा हिस्सा वजा करायचा. मग उरलेल्या वार्षिक रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे, तिच्या वयाला तो 15. म्हणजे महिन्याच्या उत्पन्नात एक हजार रुपये कमीजास्त झाले की भरपाईत 1 लाख 89 हजारांचा फरक पडतो. कंपनी म्हणत होती, प्राप्तिकराचे विवरणपत्र नाही, बँकेत व्यवहार नाहीत, तेव्हा गृहिणी समजून सहा हजार धरा. आम्ही पंधरा हजार मागत होतो.

हे कुटुंब माझ्याकडे आले तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. फौजदारी खटला संपल्यावर भरपाईचे बघायचे, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. दावा सहा महिन्यांत लावायची अट 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी त्या भरवशावर कोणी बसू नये. त्याच तारखेपासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पीडितांचे हक्क लिहिलेला नमुना दहा दिवसांत घरच्यांना द्यायचा असतो. या घरात तो आला नव्हता. चांगला नियम आहे, आणि तो कपाटात पडून राहतो याचा मला संताप येतो.

कागद काय आहेत, असे मी विचारले तेव्हा नवऱ्याने आधारकार्ड आणि शिधापत्रिका काढली. म्हातारी मागे बसली होती. तिने पोह्यांची प्लास्टिकची पिशवी पुढे सरकवली. "बाय, हे तुका लागतले?"

आत तारेला ओवलेल्या सोपोच्या पावत्या होत्या. बाजारात बसायचे तर रोज सोपो, म्हणजे बाजारातल्या जागेचा कर, भरावा लागतो. पुन्हा कोणी मागायला आला तर दाखवायला हवी म्हणून सून प्रत्येक पावती जपून ठेवायची. पिशवी बघून माझा ज्युनियर हसला. त्याला मी त्या पावत्या तारखेप्रमाणे कागदांवर चिकटवायला बसवले. सगळ्यात जास्त पावत्या शुक्रवारच्या निघाल्या. एप्रिल-मेमध्ये, हरमलच्या मिरचीच्या दिवसांत, ती जवळजवळ रोज बाजारात असे. सोपो जागेप्रमाणे घेतात, आणि चवथीआधीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांच्या, बाजारात पावतीवरचा आकडा वाढलेला दिसत होता, म्हणजे त्या दिवसांत ती जास्त जागा अडवून बसत होती. किती दिवस आणि किती माल, दोन्ही त्या फिकट चिठ्ठ्यांवर होते. इतका सरळ पुरावा मला पगारदारांच्या दाव्यातही क्वचित मिळतो.

पण पावतीवर नाव नसते. कंपनीच्या वकिलांनी ते बरोबर पकडले. मी शेजारच्या जागेवर मोयरेची केळी विकणाऱ्या बाईला साक्षीला आणले. तिने सुनेची बसायची जागा सांगितली, टोपल्या किती असत ते सांगितले, भेंडीचे आणि तांबड्या भाजीचे भाव महिन्यामहिन्याप्रमाणे तोंडपाठ सांगितले. उलटतपासणीत तिचा एकही आकडा हलला नाही.

आणि म्हातारीने त्या प्रश्नाला उत्तर दिलेच. ती म्हणाली, सुनेच्या चार टोपल्या असायच्या, माझी एक असते, तीही नातू शाळेआधी आणून ठेवतो. मळ्याला पाणी घालायला आता कोणी नाही. न्यायाधीशांनी शब्दन् शब्द टिपून घ्यायला लावला.

न्यायाधिकरणाने बारा हजार धरले. उत्पन्नापोटी 22 लाख 68 हजार, शिवाय इतर शीर्षकांखालची रक्कम आणि दावा लावल्या तारखेपासून व्याज. कंपनीने पर्वरीला उच्च न्यायालयात अपील केले आहे. पहिलाच मुद्दा आहे, पावत्यांवर नाव नाही. मी उत्तर लिहायला घेतले आहे, आणि केळीवालीचा जबाब त्यात सगळ्यात वर ठेवला आहे.