छपराच्या लाकूडकामासाठी एअर नेलर निवडताना

ताडोबा आणि पेंचच्या भोवती पर्यटकांसाठी लाकडी कॉटेज उभी राहू लागली, तशी हवेच्या दाबावर खिळे मारणारी मशीन, म्हणजे एअर नेलर, आमच्या चंद्रपूर-नागपूरकडच्या सुतारांनाही परिचयाची झाली. मिस्त्री मंडळी मला पहिला प्रश्न विचारतात तो कोणत्या कंपनीचा नेलर घ्यावा हा. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे. आपल्या लाकडात कोणता खिळा बसणार, तो जवळच्या बाजारात बाराही महिने मिळणार का, आणि मशीनला लागणारी हवा आपल्या गावातल्या विजेवर तयार होणार का, एवढे ठरले की मशीनची निवड बरीचशी आपोआप होते.

हातोडीला कोणताही खिळा चालतो, नेलरला चालत नाही. परदेशात घरांचे लाकडी सांगाडे ज्या फ्रेमिंग नेलरने ठोकतात, त्यात प्लास्टिकच्या पट्टीत गुंफलेले गोल डोक्याचे खिळे सुमारे २१ अंशांत तिरप्या मॅगझिनमध्ये (खिळे भरायच्या कप्प्यात) बसतात, तारेने जोडलेले २८ अंशांच्या आणि कागदी पट्टीतले ३० ते ३४ अंशांच्या. कोन जितका जास्त, तितके मशीनचे नाक वाशांच्या बेचक्यात सहज शिरते; पण एका कोनाची पट्टी दुसऱ्या कोनाच्या मशीनमध्ये चालत नाही. म्हणून दुकानात मशीनआधी खिळ्यांचा खोका मागावा, आणि पुढचा खोका किती दिवसांत येईल हे विचारावे. पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट बनवणारे कारखाने तारेने जोडलेले, वेटोळ्यातले कॉइल खिळे वापरतात; त्यामुळे आपल्याकडे ते मिळवणे पट्टीच्या खिळ्यांपेक्षा सोपे जाते. ९० मिलिमीटरपर्यंतचा खिळा घेणारे कॉइल नेलरही असतात. ते भरल्यावर जड होतात आणि छपरावर चढून दिवसभर धरताना मनगट भरून येते, तरीही खेड्यात काम करणाऱ्याने मी कॉइलच घ्यावा असे म्हणेन. कागदी पट्टी तर पूर्व विदर्भाच्या पावसाळ्यात सर्दावते, फुगते आणि मशीनमध्ये अडकते.

आता लाकडाकडे येऊ. ही मशीन ज्या देशांत रुळली, तिथे घराचा सांगाडा पाइन किंवा स्प्रूससारख्या मऊ लाकडाचा असतो. आपल्याकडे साग, ऐन, बीजा. त्यातही जुन्या घराचे उतरवलेले, वर्षानुवर्षे वाळलेले ऐनाचे मयाल (तुळई) असेल, तर खिळा अर्धा वर राहतो किंवा वाकतो. वाळलेला साग टोकाजवळ चिरतो. माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून याचा अंदाज येत नाही, म्हणून खरेदीला जाताना आपल्याच कामातला लाकडाचा तुकडा सोबत न्यावा आणि दुकानदाराला त्यावर खिळे मारून दाखवायला सांगावे. ज्या सांध्यावर छपराचा भार येतो, तिथे कडक लाकडात आधी भोक पाडून बोल्ट किंवा लोखंडी पट्टीच लावावी. खिळ्यांनी जोडायच्या लाकडी बांधकामासाठी आयएस २३६६ हे भारतीय मानक आहे. ठेकेदारांनी ते अवश्य वाचावे.

खिळ्याची लांबी वरच्या लाकडाच्या जाडीच्या अडीच ते तीन पट धरतात. कवेलूखालच्या २५ मिलिमीटर जाडीच्या फाट्यांना (आडव्या लाकडी पट्ट्यांना) त्यामुळे ६५ ते ७५ मिलिमीटरचा खिळा पुरतो, आणि ज्याचे काम एवढेच आहे त्याने मोठा, महागडा नेलर घेऊ नये. सेंट्रिंगसाठी मी नेलर मुळीच सुचवत नाही, कारण तिथले खिळे पुन्हा उपसावे लागतात आणि नेलरने डोके लाकडात बुडवले की फळ्या फुटतात.

हवेचा हिशेब सोपा आहे, पण तो आधी करावा. बहुतेक फ्रेमिंग नेलर ७० ते १२० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाबावर चालतात. टाकीत हवा दाबून भरणारा आणि हा दाब टिकवणारा कॉम्प्रेसर चालवायला वीज पाहिजे, आणि आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडले की मोटर सुरूच होत नाही किंवा तापते. सुरू होताना मोटर चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून जनरेटरही त्या हिशेबाने मोठा लागतो. टाकी मोठी घेतली तर मोटर वारंवार सुरू होत नाही. पावसाळ्यात टाकीत पाणी साचते. ते रोज संध्याकाळी खालच्या कॉकमधून सोडावे, नाहीतर गंज थेट नेलरपर्यंत पोहोचतो. कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरला नेलर जोडण्याचा विचारही कोणी करू नये, कारण त्यात स्फोट होतो आणि माणसे मरतात.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती घोड्याची (ट्रिगरची) रचना. एका प्रकारात नाक लाकडावर दाबून मग घोडा ओढावा लागतो आणि प्रत्येक खिळ्यासाठी हे पुन्हा करावे लागते. दुसऱ्या प्रकारात घोडा दाबून धरला की नाक टेकेल तिथे खिळा सुटतो. दुसरा वेगवान आहे, म्हणून ठेकेदारांना आवडतो. परंतु अमेरिकेत शिकाऊ सुतारांच्या पाहणीत या दुसऱ्या प्रकारात इजेचा धोका दुप्पट आढळला, आणि तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिल्याच प्रकाराची शिफारस केली. आमच्या साइटवर हाताखाली बहुधा गावातली नवखी मुले असतात, शिडीवर एका हाताने तोल सांभाळतात, आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ताही जवळचा नसतो. अशा ठिकाणी वेगासाठी दुसरा प्रकार निवडणे मला पटत नाही. घोडा बदलता येणारे मशीन असेल तर पहिलीच रचना कायम करून द्यावी, मुलांना डोळ्यांचा चष्मा द्यावा, आणि अडकलेला खिळा काढण्याआधी हवेची नळी सोडवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

कंपनीचा प्रश्न एवढे सगळे झाल्यावर येतो, आणि त्याचे उत्तर ओ-रिंगचा (हवा रोखणाऱ्या रबरी कड्यांचा) संच व ड्रायव्हर ब्लेड (खिळा ठोकणारी पाती) जिचे जवळच्या शहरात मिळतात, ती कंपनी, असे आहे.