दोन ठिपके

दुपारी पडवीत बसून रात्रीचे फोटो पाहत होतो. खळ्यात काकू आंब्याची साटं उलटत होती. हात पुसत आली, कपाळावरचा चष्मा खाली ओढून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या दोन ठिपक्यांसाठी रात्रभर डास चावून घेतलेस?"

घेतले खरे. गुहागरात मे महिन्यात दुर्बीण लावायची तर दहाच्या सुमाराचा तो पडलेला वेळ साधावा लागतो. खारा वारा निवलेला, मतलई, जमिनीवरून येणारा वारा, अजून सुटायचा. माडाची झावळी हलत असली तर मी कॅमेऱ्याला हात लावत नाही. घरात याला माझं सोवळं म्हणतात. दुर्बीण साडेचार इंची. सप्तर्षींतल्या वसिष्ठाचे दोन तारे एकमेकांपासून १४ विकलांवर (एका अंशात ३६०० विकला), म्हणजे तिच्यातून सहज वेगळे दिसणारे. पण हवा थरथरली की दोघं एकमेकांत कालवतात. म्हणून फोटो नाही, व्हिडिओ घ्यायचा. दोन हजार चौकटींतल्या शंभरेक बऱ्या निवडून एकावर एक रचायच्या. तेव्हा कुठे हे दोन ठिपके.

"ह्यातली अरुंधती कुठची?"

मी अडखळलो. हे दोन्ही वसिष्ठच. अरुंधती १२ कलांवर, एका कलेच्या साठ विकला, आणि मी बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं भिंग, लावलेला. ती चौकटीत मावतच नाही. १८५७ साली हार्वर्डच्या वेधशाळेत जोडताऱ्याचा पहिला फोटो काढला, तो याच वसिष्ठाचा. त्यांच्या काचेवर अरुंधतीसुद्धा आली होती.

"म्हणजे ह्या खेपेलाही नाहीच," काकू म्हणाली.

तिचं लग्न दुपारच्या मुहूर्तावर लागलं. मी सहा वर्षांचा. भटजींनी मांडवाच्या छताकडे बोट करून विचारलं, अरुंधती दिसली का? तिने मान डोलावली. "कुठाय? मला नाही दिसत!" मी ओरडलो. मांडव हसला, आईने चिमटा काढला. झावळ्यांच्या फटींतून उन्हाचे कवडसे काकांच्या उपरण्यावर पडले होते. त्यातलाच एक मी अरुंधती म्हणून धरला आणि गप्प बसलो.

काकांना जाऊन अकरा वर्षं झाली.

"आज बार्लो काढून ठेवतो," मी म्हटलं. "दहाला हाक मारू?"

काकूने समुद्राकडे पाहिलं. तिकडे ढग धरले होते. ती भराभर साटं उचलायला लागली.