खोलीभाडे, मेस आणि तीन आठवड्यांची मुदत

जानेवारीतल्या त्या सकाळी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर पोहोचले, तेव्हा घराला कुलूप होते. पुण्याबाहेरच्या एका लॉजवर पोलिसांनी बनावट ग्राहक पाठवून टाकलेल्या छाप्यात सापडलेल्या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचे ते घर. तिला सांभाळण्याची पालकांची क्षमता आहे का, हे पाहून दंडाधिकाऱ्यांना अहवाल देण्याचे काम माझ्याकडे होते. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६ च्या कलम १७ नुसार ही चौकशी होते आणि या चौकशीसाठी कोणालाही तीन आठवड्यांहून अधिक काळ ताब्यात ठेवता येत नाही. त्यातले १२ दिवस संपले होते.

शेजारच्या ओट्यावर तिची आजी भेटली. मुलगा आणि सून मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेले होते, ते थेट पाडव्याच्या सुमारास परतणार होते. "बाई, पोरगी बरी हाय ना?" आजीने विचारले. मी कॉलेजच्या कामासाठी आले आहे आणि ती बरी आहे, असे मी सांगितले. निघताना मुलीने मला एवढेच विनवले होते, "मॅडम, घरी जा, पण हे सांगू नका." ती सज्ञान आहे. त्या ओट्यावर मी खोटे बोलले आणि ते मला आजही चुकीचे वाटत नाही.

आदल्या संध्याकाळी संरक्षणगृहात तिने मला आपला हिशेब सांगितला होता. ती एका खासगी महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉट बेसिसवरच्या खोलीचे ४,५०० रुपये, मेसचे ३,४०० रुपये, शिवाय जर्नल, झेरॉक्स आणि बसचा पास. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. या निर्णयाने असंख्य मुलींची वाट मोकळी केली आहे, पण परक्या शहरात राहण्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा खर्च त्यात येत नाही. त्यासाठीच्या निर्वाह भत्त्याचा तिचा अर्ज मंजूर झाला होता, परंतु पैसे वर्ष संपता संपता जमा झाले. खोलीमालक आणि मेसवाल्या काकू मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला विचारत.

दुसऱ्या वर्षी खोलीचे डिपॉझिट भरण्यासाठी तिने एका मैत्रिणीच्या ओळखीतल्या माणसाकडून २०,००० रुपये घेतले. आधी तो 'इव्हेंटचे काम' म्हणाला, नंतर लॉजचे पत्ते पाठवू लागला आणि पुढे फोटो घरी पाठवण्याची धमकी देऊ लागला. निम्म्याहून अधिक रक्कम तोच ठेवून घेई. या सगळ्यात मला थांबवणारी गोष्ट वेगळी होती: भत्ता जमा झाल्यावर तिने त्याची उधारी फेडली आणि पुढचे अडीच महिने ती एकदाही गेली नाही. पैसे संपले, वडिलांनी "औंदा उचल कमी मिळाली" असे कळवले, तेव्हा तिने त्याच माणसाला स्वतःहून फोन केला.

छाप्याच्या बातमीत 'चैनीसाठी देहविक्रय' असा मथळा होता. इतर काही प्रकरणांत मुलींनी मला महागड्या वस्तूंचे आकर्षणही मोकळेपणाने सांगितले आहे, ते मी नाकारत नाही. परंतु या मुलीच्या फोनची काच तडकलेली होती, आणि ज्याने ती बातमी लिहिली त्याने तिला एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

अहवाल लिहिताना मला कायद्याची चौकटच अपुरी वाटली. कायदा पालकांची क्षमता तपासायला सांगतो. इथे पालक प्रेमळ होते, कष्टाळू होते आणि चारशे किलोमीटरवर कोयता चालवत होते. मी अडीच महिन्यांची ती नोंद तारखांसह लिहिली. वेश्याव्यवसाय हा या कायद्याने स्वतःहून गुन्हा ठरत नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, या मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२० च्या निकालाचा आधार घेऊन तिला मुक्त करण्याची शिफारस केली. एकोणिसाव्या दिवशी तसा आदेश झाला.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर तिने मला पहिला प्रश्न हजेरीचा विचारला. आता ती एका औषधांच्या दुकानात संध्याकाळी चार तास काम करते. भत्त्याचा पुढचा हप्ता अजून जमा झालेला नाही.