मेडमरी: बंधारा फोडून राखलेला किनारा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेस्ट ससेक्समधल्या सेल्सी गावाजवळ मेडमरी आहे. पूर्वी इथली शेतं आणि समुद्र यांच्यामध्ये गोट्यांचा एक लांबलचक बंधारा होता. हिवाळी वादळांत तो फुटायचा, बुलडोझर लावून रचला की पुन्हा फुटायचा. शेवटी काठापासून आत, काही ठिकाणी दोन किलोमीटर मागे सरून, ७ किलोमीटर लांबीचा मातीचा नवा बांध घातला गेला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये जुना बंधारा मुद्दाम फोडला. खर्च २ कोटी ८० लाख पौंड. शेतजमीन गेली, पण साडेतीनशेच्या आसपास घरं, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि सेल्सीचा मुख्य रस्ता पुरापासून वाचला.

नव्या बांधावरून चालताना भरती चढताना पाहिली. खिंडारातून पाणी जोरात आत येतं, पण आत आल्यावर त्याला पसरायला एवढी जागा मिळते की बांधापर्यंत पोचेतो त्याची रग जिरलेली असते. मागच्या बाजूच्या पावसाच्या पाण्यासाठी बांधात झडपेची दारं आहेत. ओहोटीला ती उघडतात, भरतीला मिटतात.

काठाशी उकिडवं बसून चिखल निरखला. गाळात राहणाऱ्या गांडुळासारख्या किड्यांनी वर काढून ठेवलेली मातीची बारीक वेटोळी जागोजाग होती. शेजारी ग्लासवर्ट या खाऱ्या चिखलात उगवणाऱ्या वनस्पतीचे बोटभर उंचीचे कोंब, पान असं नाहीच, नुसती रसाळ पेरं. या झुडपांत पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो, त्यावर आणखी कोंब फुटतात. अशी ही जमीन स्वतःच उंचावत जाते. काँक्रीटची भिंत बांधल्या दिवसापासून झिजायला लागते, म्हणून मला तरी हाच बंदोबस्त जास्त भरवशाचा वाटतो.

आणि पक्षी! समुद्र आत येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच २०१४ च्या उन्हाळ्यात शेकाट्याच्या जोडीने इथे घरटं केलं. आपल्याकडे डबक्याकाठी सहज दिसणारा हा लांब लाल पायांचा पक्षी ब्रिटनमध्ये क्वचितच वीण घालतो. हे वाचूनच मी इथे आले होते. शेकाट्या दिसला नाही, पण टिटव्या आणि टिलवे भरपूर दिसले.

जाणार असाल तर भरतीची वेळ आधी बघून घ्या. पाणी चढू लागलं की चिखलात विखुरलेले पक्षी बांधाच्या बाजूला सरकतात आणि दुर्बिणीतून छान दिसतात. विणीच्या दिवसांत मात्र वाट सोडून खाली उतरू नका, घरटी उघड्या जमिनीवरच असतात.