गार्ड नव्हता का मशीनला?

वडील गेल्यानंतर तेराव्यापर्यंत काय करायचे ते गुरुजी सांगत होते. ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा काकांनी 'आईला सांभाळीन' असे मला मोठ्याने म्हणायला लावले आणि मी म्हणालो. चौदाव्या दिवशी कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि मी, दोघेच उरलो. शेजारच्या काकूंनी अभंग ऐकायला सुचवले; मन शांत होते म्हणाल्या. भीमसेनांचे अभंग मला एरवी प्राणप्रिय आहेत, परंतु त्या दिवसांत मला शांत व्हायचेच नव्हते.

मी ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा 1970 चा पहिला अल्बम लावला. आधी पाऊस, मग चर्चची घंटा, आणि मग त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याचे ते संथ, अंगावर येणारे सूर. कॉलेजात असताना हेच लावले होते, तेव्हा वडील दार ठोठावून म्हणाले होते, "यापेक्षा आमचा प्रेसशॉप बरा." त्यांनी भोसरीत एकतीस वर्षे पत्रा कापणारा-दाबणारा पॉवर प्रेस चालवला आणि त्यांच्या डाव्या तर्जनीचे एक पेर त्या प्रेसनेच नेले होते. म्हणून मी त्यांना आयोमीची हकीकत सांगितली: बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके मशीनमध्ये तुटली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटे नेमकी तीच होती. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "गार्ड नव्हता का मशीनला?" दुसरा, बऱ्याच वेळाने: "मग वाजवतो कसा?"

प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, वर कातडे चिकटवले, बारीक तारा लावल्या. पुढे 1971 च्या तिसऱ्या अल्बमात, बोटांना ताण कमी पडावा म्हणून, त्या दीड स्वराने उतरवल्या. तारा सैल झाल्या आणि आवाज अधिक जड झाला. वडिलांनी हे सगळे ऐकून घेतले आणि स्वतःचे आखूड बोट चहाच्या कपाच्या कानात अडकवून पाहिले.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2015 साली असे संगीत ऐकणाऱ्या 39 जणांना आधी मुद्दाम चिडवले, मग त्यांतल्या काहींना त्यांच्या आवडीची गाणी ऐकू दिली आणि बाकीच्यांना नुसते शांत बसवले, तर गाणी ऐकणाऱ्यांचा राग वाढण्याऐवजी ओसरला. तो प्रयोग रागाचा होता, शोकाचा नव्हे. माझ्यापुरते मात्र त्या महिन्यात या दोहोंत फारसे अंतर नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण 'सुटले हो' म्हणे आणि मी मान डोलावत असे. रात्री हेडफोनमध्ये तेच चार-पाच सूर पुन्हा पुन्हा आदळत, तेव्हा कुणाचीच समजूत पटल्यासारखे दाखवावे लागत नसे.

एकदा बाराच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली आणि काय ऐकतोस म्हणून शेजारी बसली. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. तिने अर्धा मिनिट ऐकले असेल.

"मी एकदा डबा द्यायला गेले होते ना यांच्या कंपनीत," ती म्हणाली, "तिथे असंच होतं." आणि मग, "जरा कमी कर. बंद नको करूस."