तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठी वरून वाचतात

"काका, तुम्हाला आयुष्याचं प्रयोजन कसं सापडलं?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. युवक संघाच्या शिबिरात येतो, दुखवट्याच्या प्रार्थनेनंतर चहा पिताना येतो, गेल्या नाताळात तर केक वाटता वाटता आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला असतो: "एखादं पुस्तक सांगा ना." विचारणारी मुलं-मुली पंचविशीच्या आसपासची. कुणाची नोकरी गेलेली, कुणाला मिळालेली पण नकोशी झालेली. मी दर वेळी "प्रार्थना करा, वचन वाचा" असं काहीतरी पुटपुटतो आणि घरी येऊन स्वतःवरच चिडतो. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

मी मूळचा जुळारी, म्हणजे कंपोझिटर: छपाईसाठी धातूची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक करून जुळवणारा. 1975 साली, सतराव्या वर्षी, नगरमधल्या एका छापखान्यात लागलो. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं.) लग्नपत्रिका, सहामाहीचे पेपर, पतसंस्थांचे अहवाल, असलं काम. डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर, म्हणजे केसवर, डोळे कॉपीवर. मराठीच्या केसला घरंच घरं, कारण जोडाक्षरांचे खिळे वेगळे. हात एकदा बसला की कुठल्या घरात काय आहे ते बघावं लागत नाही. ओळ मात्र उलटी जुळते, आरशातल्यासारखी. जुळवताना मजकुराचा अर्थ डोक्यात शिरतच नाही. प्रूफ काढलं की मग कळतं, अरे, ही तर कुणाच्या तरी आजीची पुण्यतिथी!

हा उलट्या खिळ्यांचा दृष्टांत मी एकदा साक्षीत, म्हणजे प्रार्थनासभेत स्वतःचा विश्वासाचा अनुभव सांगताना, सांगितला होता. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना, आता आरशात अंधुक दिसतं, मग समोरासमोर दिसेल, त्याला जोडून. लोकांना फार आवडला. पुढच्या तीन सभांत लोकांनी तोच सांगायला लावला, तेव्हा माझा मलाच त्याचा कंटाळा आला.

1994 साली मालकांनी कॉम्प्युटर आणला. दोन महिन्यांनी खिळे भंगारात गेले, किलोच्या भावाने. काट्यावर चढवताना पोत्यांची तोंडं मीच धरली होती. एकोणीस वर्षं ज्या अक्षरांवर पोट भरलं, त्यांचं वजन करून पावती फाडली. मी छत्तीस वर्षांचा, दोन मुली शाळेत, बायको अंगणवाडीत.

आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला काम सुरू केलं, त्यांच्याच एका शाळेत आमचे पणजोबा अक्षर शिकले. त्यामुळे विश्वास मला वडिलोपार्जित भिंतीवरच्या घड्याळासारखा मिळालेला. चालू होतं, टोले देत होतं, आत काय आहे ते मी कधी उघडून बघितलं नव्हतं.

त्या वर्षी ते बंद पडलं.

भिंतीवर मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वाटलेलं कॅलेंडर होतं. त्यावर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन, 29:11. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत, अशा अर्थाचं वचन. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणून जायचा. मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, देवाला त्याचे संकल्प माहीत असतील, मला तर उद्याच्या दुधाचे पैसेसुद्धा माहीत नाहीत. कुणीतरी एक प्रेरणादायी पुस्तक आणून दिलं, इंग्रजीवरून मराठीत आणलेलं. त्यातली सगळी माणसं पहाटे पाचला उठायची आणि चाळिसाव्या पानापर्यंत यशस्वी व्हायची. भाषांतर इतकं कच्चं की मी पेन्सिल घेऊन चुका काढत बसलो. पहिल्या प्रकरणात सत्तावीस निघाल्या. त्या महिन्यातला माझा आनंद तेवढाच.

मग आत्यांचा निरोप आला.

आत्या म्हणजे आमच्या मागच्या चाळीत राहणाऱ्या म्हाताऱ्या बायबलबाई. नात्याच्या नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणायची. बायबलबाई हा शब्द आताच्या मुलांना माहीत नसतो. मिशनच्या काळात या बाया खेडोपाडी पायी जायच्या, बायकांत बसायच्या, त्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायच्या, जमलं तर अक्षर शिकवायच्या, बाळंतिणीला काढाही करून द्यायच्या. आत्यांनी तीस वर्षं हे केलं होतं आणि आता त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. निरोप एवढाच, "तुला सध्या वेळ आहे म्हणे. मला वाचून दाखव."

"वेळ आहे म्हणे" हे मला फार लागलं होतं. तरी गेलो.

पहिल्या दिवशी फजिती झाली. छापखान्यात प्रूफ तपासताना एक जण मूळ कॉपी मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट. माझ्या जिभेला तीच सवय. मी स्तोत्र 23 काढलं आणि "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे अर्धविराम मला काही उणे पडणार नाही पूर्णविराम" असं सुरू केलं. आत्या हसून हसून खोकायला लागल्या. म्हणाल्या, "अरे, विराम तू घे, सांगू नको."

दर गुरुवारी जायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी कॅलेंडरवरच्या त्या वचनाबद्दल कुरकुर केली. आत्यांनी शांतपणे विचारलं, "ते कुठलं आहे?"

"यिर्मयातलं."

"ते माहीत आहे. पण ते आहे काय? चिठ्ठी आहे ना ती? मग चिठ्ठी कुणी मधूनच वाचतं का? वरून वाच."

मी वरून वाचली. तुम्हीही वाचा, एकोणतिसावा अध्याय. यरुशलेमेतून यिर्मयाने बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे ते. त्या लोकांना घरी परतायचं होतं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं. आणि तोपर्यंत काय करायचं? घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. एवढं सगळं सांगून झाल्यावर मग ते कॅलेंडरवरचं वाक्य येतं.

सत्तर वर्षं. म्हणजे ज्यांनी ते पत्र कानांनी ऐकलं त्यांच्यातले बहुतेक बाबेलातच मेले असणार. आशेचं वचन त्यांनाच उद्देशून होतं, आणि त्यांच्या हातात मात्र कुदळ दिली होती.

आणि "नगर" हा शब्द वाचताना मी अडखळलो, हे कबूल करतो. आत्यांनी ते बरोबर पकडलं. "तुझंच नाव घेतलंय त्याने," म्हणाल्या. विनोदच तो. पण घरी जाताना माळीवाड्यातल्या दुकानांच्या पाट्या वाचत गेलो, त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजत. खूप दिवसांनी मला भूक लागली होती.

आता पुस्तकांबद्दल. आत्यांकडे शास्त्राखेरीज दोन-चारच पुस्तकं होती, त्यातलं एक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. मी ते शाळेत धड्यापुरतं वाचलं होतं. आत्यांना सलग ऐकायचं होतं. आमच्याकडे त्यांचे पती ना. वा. टिळक यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि ते त्यातून सुटलेच नाहीत. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. साक्षीला फार सोयीची गोष्ट. गाडी, अनोळखी माणूस, पुस्तक, प्रकाश. तुम्ही मला "एखादं पुस्तक सांगा" म्हणता तेव्हा तुमच्या मनात ही गाडीच असते, असा माझा संशय आहे.

पण त्याच घरात दुसरी गोष्ट घडत होती, आणि ती मला जास्त जवळची वाटते. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. पदरात लहान मुलगा. नातेवाइकांच्या आधाराने त्या वेगळ्या राहिल्या, पुढे नवऱ्याकडे आल्या त्याही सोवळं-ओवळं सांभाळत, पाण्यासाठी जिवाचा आटापिटा करत. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 साली. मधली पाच वर्षं कुठलंच पुस्तक त्यांच्यासाठी उघडलं नव्हतं. भांडण, चूल, आजारपण, आणि जात माणसानेच केली हे हळूहळू स्वतःच्या डोक्याने कळत जाणं. लग्नानंतर जेमतेम अक्षरओळख झालेल्या या बाईने टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' पुढे नेलं, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 साली, त्यांच्या पासष्टीत. प्रयोजन शोधायला त्या कधी बसल्या असतील असं मला ते पुस्तक तीनदा वाचूनही वाटत नाही. शिवाय पुस्तक विनोदी आहे हो. आत्या आणि मी कितीदा हसून थांबलोय. प्रेरणादायी पुस्तकं हसवत का नाहीत, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

माझ्यापुरतं बोलायचं तर मला धरून बसवलं ते पंडिता रमाबाईंनी. त्यांचं शारदा सदन वगैरे आपण इतिहासात शिकतो. पुढचं कमी सांगितलं जातं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बाया-मुली त्यांनी दौंडजवळच्या केडगावला आणल्या, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. तिथेच बसून त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कुणी न सांगता कळावं असं साधं मराठी त्यांना हवं होतं. अठरा वर्षं चाललं ते काम. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेली, आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, शेवटची प्रुफं तपासून संपल्यावर, असं सांगतात. ग्रंथ बाहेर आला 1924 साली.

आणि त्या बायबलचे खिळे जुळवले होते मुक्तीतल्या बायांनी. दुष्काळातून उचललेल्या, टाकलेल्या, विधवा बायांनी. हे वाक्य मी आत्यांना वाचून दाखवलं आणि पुढे वाचता येईना. मला माहीत आहे खिळा बोटांत कसा बसतो, संध्याकाळी बोटं कशी काळी होतात, ओळीच्या शेवटी एक वेलांटी कमी पडली की कसं रडू येतं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत! त्यांतल्या एकीचंही नाव मला ठाऊक नाही. आत्या म्हणाल्या, "बोटं धुऊन जेवल्या असतील आणि झोपल्या असतील. दुसरं काय."

प्रयोजन हा शब्द आत्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. त्या "काम" म्हणायच्या.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात, कारण त्यात नवल काही नाही. एका डीटीपी सेंटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणाऱ्या दुकानात, निम्म्या पगारावर मुद्रितशोधक म्हणून लागलो. खिळे गेले तरी चुका कुठे जातात! तिथूनच निवृत्त झालो. आत्या 1999 साली गेल्या. त्यांच्या दफनविधीनंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आता गुरुवार मोकळाच ना तुझा?" तेव्हापासून गुरुवार मोकळा राहिलेला नाही. डोळे गेलेले, मोतीबिंदू पिकलेले, कधीच अक्षर न शिकलेले, किंवा नुसते एकटे पडलेले लोक. सगळेच ख्रिस्ती नाहीत. एका आजोबांना मी दोन वर्षं हरिपाठ वाचून दाखवला. त्यांनी मला एकदाही बायबल वाचायला सांगितलं नाही आणि मीही काढलं नाही. आमच्या मंडळीत काहींना हे पटलं नाही. असो.

शंका संपल्या का? नाही. धाकटी मुलगी आजारी होती ते वर्ष मी एक ओळसुद्धा विश्वासाने वाचली नाही. नुसती वाचली. जीभ चालत होती, आत सगळं गप्प. ऐकणाऱ्याला फरक कळला नाही, आणि मला ते तेव्हा फार खोटेपणाचं वाटलं. आता तितकं वाटत नाही.

तर पुस्तकाचं नाव विचारलंत, वर दोन-तीन आली आहेतच. पण एकट्याने, खोलीचं दार लावून, स्वतःसाठी उत्तर काढायला वाचणार असाल, तर मला त्याचा अनुभव नाही. मी तसं वाचलं त्या महिन्यात मला फक्त सत्तावीस चुका सापडल्या होत्या. ज्याला मी प्रश्न विचारावा असा माणूस समोर खाटेवर होता, म्हणून मला पान वरून वाचावं लागलं.

शिबिरात परवा ज्या मुलीने विचारलं, तिच्यासाठी: गुरुवारी साडेचारला मी सर्जेपुऱ्यात असतो. सध्या 'स्मृतिचित्रे' चालू आहे, लक्ष्मीबाई अजून पंढरपुरातच आहेत. ऐकणाऱ्या बाई शहाण्णव वर्षांच्या आहेत, मधेच झोपतात, पण आपण थांबलो की लगेच जाग्या होऊन "मग?" म्हणतात. माझा घसा हल्ली वीस मिनिटांत बसतो. येणार असशील तर ये. आणि चष्मा असेल तर आण, तिथला दिवा फार मंद आहे.